पांढरीपासून हृदयाच्या झडपेपर्यंत



मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंचवट्यावर राहिली, घरे पडली, पडलेल्या घरांवर नवी उभी राहिली, आणि चुलीची राख, शेण, खापरे, भिंतींची माती, जनावरांची हाडे यांचे थर एकमेकांवर चढत गेले. हीच माती माळवदावर पडली आणि हीच गाड्या भरभरून शेतात गेली, कारण तिने पीक उठते हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. तिच्या कसाचे एक कारण फॉस्फेट आहे. राखेतून, शेणातून आणि हाडांतून आलेला फॉस्फरस पावसाने सहजी वाहून जात नाही. चुनखडीच्या मातीत तो कॅल्शियमला धरून जागच्या जागी राहतो. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ मातीतले फॉस्फेट मोजून लुप्त झालेल्या वस्तीची हद्द ठरवू शकतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची ही जोडी जिवंत शरीरात हायड्रॉक्सिॲपेटाइट नावाच्या खनिजाच्या रूपात असते. आपली हाडे त्याची, दात त्याचे. आणि उतारवयात हृदयाची महाधमनीकडची झडप कडक होते, किंवा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत खडे धरतात, तेव्हा तिथे साचणारे खनिजही मुख्यतः हेच. आजच्या व्याख्यानात मला एकच गोष्ट मांडायची आहे. पुरातत्त्व, पदार्थविज्ञान आणि हृदयरोगशास्त्र ही तीन खाती या खनिजापाशी एका जागी येतात. ती एकत्र बसत नाहीत म्हणून आपल्या भागातला पुरावा रोज हातातून निसटतो आहे. आणि हे थांबवणे नांदेड-लातूरच्या आवाक्यातले काम आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोअरच्या जड पाण्याने नसा बंद होतात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. नळाच्या तोटीवर जसा पांढरा थर धरतो तसाच तो धमनीतही धरत असणार, अशी ही समजूत. तिला पुराव्याचा आधार नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळते. पाण्यात ते थोडे जास्त असले म्हणून धमनीत जाऊन बसत नाही. धमनीत घडते ते याहून विलक्षण आहे. भिंतीत चरबी साचते, तिथे दाह सुरू होतो, आणि त्या दाहात धमनीच्या स्नायूपेशी आपले मूळ काम सोडून हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या काही झडपांमध्ये तर प्रत्यक्ष हाडाची रचना आढळली आहे. निरोगी झडपेची पाकळी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तीन पाकळ्या उघडल्या की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. खनिज साचत जाऊन ही वाट एक चौरस सेंटिमीटरच्या खाली आली की आजार गंभीर समजला जातो. त्या पाकळीवरचा खडा दळून क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्रात ठेवला, तर कागदावर उमटणारी शिखरे बोथट आणि पसरट येतात, कारण स्फटिक अतिशय बारीक आणि अपुरे घडलेले असतात. ताज्या हाडाची शिखरेही अशीच पसरट. शेकडो वर्षे मातीत राहिलेल्या हाडाची शिखरे मात्र बहुधा टोकदार होत जातात, कारण मातीतल्या ओलाव्यात स्फटिक विरघळून पुन्हा मोठे जुळतात. यंत्र तेच, खनिज तेच. त्या रेषांवरून मातीने हाडात काय बदल केला हे वाचता येते, आणि दुखण्याने झडपेत काय बदल केला हेही.

हृदयरोग हा आधुनिक राहणीचा रोग आहे, हे विधान आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ते तपासले गेले ते पुरातत्त्वाच्या मदतीने. ममींच्या शरीरातल्या धमन्या वाळून जातात, पण त्यांतले कॅल्शियम टिकते, आणि सीटी स्कॅनमध्ये ते आजच्या रुग्णाच्या कॅल्शियमइतकेच स्पष्ट दिसते. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये १३७ ममींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अलास्काजवळची अल्यूशियन बेटे अशा चार प्रदेशांतली ही माणसे, सुमारे चार हजार वर्षांच्या काळात विखुरलेली. त्यांतल्या ४७ जणांत, म्हणजे ३४ टक्क्यांत, धमनीकाठिण्याच्या खुणा निश्चितपणे किंवा बहुधा होत्या. यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ममी राजेरजवाड्यांच्या. खाऊनपिऊन सुखी माणसांचा रोग सगळ्या समाजावर कशाला लादता? इजिप्तपुरता हा आक्षेप बरोबर आहे. पण अल्यूशियन बेटांवरचे उनांगान लोक शिकार आणि मासेमारीवर जगणारे होते, त्यांच्याकडे ना गहू पिकत होता ना राजवाडे होते, आणि त्यांच्या पाच ममींपैकी तिघांत या खुणा सापडल्या. बंद घरात जळणाऱ्या चरबीच्या दिव्यांचा आणि चुलींचा धूर हे एक कारण असावे, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या बायकांच्या संदर्भात ही शक्यता मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच खरा आहे. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांमधल्या चाळिशीपुढच्या ७०५ जणांच्या स्कॅनचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले; त्यांत ८५ टक्के लोकांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियम मुळीच नव्हते. म्हणजे हा रोग माणसाच्या शरीरात फार जुन्या काळापासून शक्य होता, पण अटळ कधीच नव्हता. डॉक्टराला रुग्णासमोर बसून जे सांगायचे असते ते याच दोन वाक्यांच्या मध्ये आहे, आणि त्यातले पहिले वाक्य पुरातत्त्वाशिवाय सिद्ध झाले नसते.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून असे दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. इतर देशांतल्या माणसाला ५९च्या सुमारास. ही सहा वर्षांची तफावत काय हिरावून नेते, हे नांदेडला आकड्यांतून समजावण्याची गरज नाही. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले, तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. ही घाई आपल्या रक्तात किती आणि गेल्या शंभर वर्षांच्या आहारात, तंबाखूत, धुरात किती, हे ठरवायचे तर आपल्याच प्रदेशातल्या जुन्या माणसांच्या शरीरांचा पुरावा हवा. इथे अडचण येते. आपल्याकडे ममी नाहीत. बहुसंख्य समाज दहन करतो, हवामान दमट आणि कोरडे आलटून पालटून, त्वचा-मांस टिकण्याचा प्रश्नच नाही. मग विषय संपला, असे कोणी म्हणेल. पण सुदानमधल्या अमारा वेस्ट या ठिकाणी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या सांगाड्यांजवळ संशोधकांना कॅल्शियम धरलेल्या धमन्यांचे तुकडे सापडले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा पाच व्यक्ती आहेत. मणक्यांच्या आणि छातीच्या आसपास मातीत पडलेल्या, अंड्याच्या टरफलासारख्या ठिसूळ पोकळ नळ्या. माणसाचे मांस गेले, पण नळीचा आकार उरला. ज्याने शरीरविच्छेदनात महाधमनीची वाट पाहिली आहे त्याला तो आकार लगेच ओळखू येईल. ज्याने पाहिली नाही तो त्याला मुळाचा किंवा चुनखडीचा तुकडा समजून मातीबरोबर टाकून देईल. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार या टाकून देण्यावर आहे. पुरावा नसणे वेगळे आणि पुरावा ओळखणारा माणूस खड्ड्यात नसणे वेगळे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून इनामगावला केलेल्या उत्खननात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्या हाडा-दातांच्या अभ्यासातून ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्याचे पोषण, आजार, बालमृत्यू यांची माहिती हाती आली. तिथे मानवशास्त्रज्ञ सोबत होते म्हणून ते झाले. हृदयाचे जाणकारही सोबत असावेत, इतकेच मागणे आहे.

एकत्र पाहण्याने काय मिळते, याचा नमुना मराठवाड्यातच आहे. वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा दीड हजार वर्षे कसा टिकला, याचा शोध भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी घेतला, आणि २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की त्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू आणि भाग मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यातला वनस्पतीचा अंश किड्यांनी खाल्ला. वेरूळच्या गिलाव्याला कीड लागली नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपट ही साधने होतीच, पण भिंगाखाली दिसणारा तंतू भांगेचा आहे हे सांगायला झाडे ओळखणारा माणूसच लागला. लातूरहून तासा-दीड तासावर असलेल्या तेरची गोष्ट याहून मोठी होऊ शकते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले तगर ते हेच. तिथून कापड गाड्यांतून भडोचला जाई. तिथल्या पांढरीतून वर आलेले मणी, शंखाच्या वस्तू, मृण्मूर्ती, हस्तिदंती स्त्रीमूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जपल्या आणि त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. व्यापार करणारा एक माणूस गावातल्या लोकांना खापराचे मोल पटवून देतो, हे माझ्या दृष्टीने मराठवाड्यातल्या संशोधनाचे एक मोठे पर्व आहे. त्याच तेरच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि असंख्य छिद्रे उरतात. वीट हलकी होते. गोरोबाकाकांच्या गावातली ही कुंभारविद्या आहे. छिद्रे किती आकाराची, किती टक्के, भट्टीचे तापमान किती, हे मोजणे म्हणजेच पदार्थविज्ञान. शरीरात बसवायच्या कापडी नळीत किंवा झडपेच्या शिवण-कड्यातही नेमका हाच प्रश्न असतो: छिद्रे अशी हवीत की पेशी आत शिरून धरतील आणि रक्त झिरपणार नाही. मोजण्याची रीत एक आहे. नांदेडच्या प्रयोगशाळेत वीट मोजायला शिकलेला विद्यार्थी उद्या ते कापडही मोजू शकतो.

आता सर्वांत वजनदार शास्त्रीय आक्षेपाकडे वळतो. मातीत पडलेले हाड मातीशी देवघेव करते. मग त्यात सापडलेले मूलद्रव्य त्या माणसाच्या आयुष्यातले की मरणानंतरचे, हे कसे ठरवणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून अनेक घाईचे निष्कर्ष निघालेले आहेत. पण ही देवघेव नीट समजून घेतली तर तीच पुरावा होते. फ्लोरिनचे उदाहरण घ्या. ॲपेटाइटमधल्या हायड्रॉक्सिलची जागा फ्लोरिन घेतो आणि खनिज अधिक स्थिर होते. जमिनीतल्या पाण्यातून हाड हळूहळू फ्लोरिन ओढत राहते, म्हणून एकाच थरातल्या हाडांत त्याचे प्रमाण साधारण सारखे यायला हवे. इंग्लंडमध्ये १९१२ साली गाजलेली पिल्टडाउनची कवटी बनावट असल्याचा संशय याच कसोटीने बळावला आणि १९५३ साली ते कारस्थान उघडे पडले. तोच फ्लोरिन नांदेड जिल्ह्यात जिवंत माणसांचा प्रश्न आहे. दख्खनचा काळा पाषाण जिल्ह्याच्या पूर्वेकडे संपत येतो आणि ग्रॅनाइटी खडक वर येतो. अशा खडकातल्या खनिजांतून पाण्यात फ्लोराइड उतरते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा; किनवटसारख्या तालुक्यांतल्या काही विंधन विहिरींचे पाणी ती ओलांडते, मुलांच्या दातांवर डाग येतात, पुढे सांधे आखडतात. पूर्वी माणसे आडाचे, नदीचे पाणी पीत. बोअरचे खोल पाणी गेल्या काही दशकांतले. हा बदल दातांच्या कवचात लिहिला जातो, कारण कवच बालपणी एकदाच घडते, आणि हाडाच्या मानाने मातीला फार कमी दाद देते. जुना दात, आजचा दात आणि त्या गावचे पाणी अशी तिन्ही एका टेबलावर आली तर पुरातत्त्वज्ञाला कालक्रम मिळेल आणि आरोग्य खात्याला गावांची यादी. मातीने काय घातले आणि आयुष्याने काय घातले हे वेगळे करण्याचे काम पदार्थवैज्ञानिकाचे आहे. म्हणून तो या चर्चेत पहिल्या दिवसापासून हवा. अहवाल लिहून झाल्यावर सही करण्यापुरता नको.

आता झडपेच्या दुसऱ्या कथेकडे. लहानपणी घसा दुखतो, त्यावर ऱ्हुमॅटिक ताप येतो, आणि त्यातून झडप कायमची बिघडते. दाटीवाटीच्या घरांतल्या गरिबांच्या मुलांचा हा रोग. पंचविशीतल्या बाईला झडप बदलावी लागते तेव्हा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीपासून बनवलेली झडप तिला फारशी उपयोगी पडत नाही, कारण तरुण शरीरात तिच्यावर कॅल्शियम लवकर चढते. पुन्हा तेच खनिज. म्हणून कृत्रिम पदार्थांची झडप हवी, आणि ती परदेशी घेण्याची ऐपत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी झडप घडवली तिचा इतिहास म्हणजे पदार्थ निवडण्याचा आणि टाकण्याचा इतिहास आहे. नीलमण्याच्या स्फटिकाची चकती वापरून पाहिलेली प्रारूपे बाद करावी लागली. सरतेशेवटी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट, अतिशय उच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची चकती आणि पॉलिएस्टर कापडाचे कडे अशी चौथी रचना उतरली. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास वेळा ही चकती उघडझाप करते; नीलमणी जिथे टिकला नाही तिथे प्लास्टिक टिकले. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्या रुग्णाला बसवली गेली. आणि हेच वलियाथन नंतर चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांच्या अभ्यासाकडे वळले. त्यांचे ‘द लेगसी ऑफ चरक’ हे पुस्तक २००३ साली आले. शस्त्रक्रिया, धातू आणि प्राचीन वाङ्मय एका माणसाच्या आयुष्यात नांदले, आणि तिन्ही कामे कसास उतरली. बहुविद्याशाखीय काम उथळच असते असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. मात्र प्रत्येकाने तसे व्हावे असा माझा आग्रह नाही. वेरूळच्या शोधात रसायनतज्ज्ञ रसायनतज्ज्ञच राहिला आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पतिशास्त्रज्ञच. प्रश्न तेवढा सामाईक होता.

उरलेल्या दोन आक्षेपांपैकी एक गरिबीचा आहे. जिथे झडप बदलायला माणसाला अनेकदा हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, तिथे जुन्या हाडांची चैन कशाला? ज्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ची पहाट पाहिली, त्या भागात हा प्रश्न विचारला जाऊ नये. किल्लारीच्या भूकंपात माणसे दडपली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या जड थरांखाली. पांढरीच्या मातीचे वजन हा जिवाशी गाठ असलेला विषय आहे, हे लातूर-धाराशिवला कोणी शिकवायला नको. जुन्या पदार्थांचा अभ्यास चैनीचा असतो हे त्या पहाटेनंतर तरी आपल्या तोंडी शोभत नाही. शिवाय यात नवे पैसे थोडे आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिक, रसायन आणि भूशास्त्राची संकुले आहेत, नांदेड आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेरला संग्रहालय आहे. कमतरता यांच्यामधल्या रस्त्याची आहे. लातूर पॅटर्नने हजारो मुलामुलींना डॉक्टर केले याचा मला अभिमान आहे, पण अकरावीत पाऊल टाकताच त्यांच्यापुढून इतिहास उचलला जातो आणि इतिहासाच्या मुलांपुढून रसायन. दुसरा आक्षेप मृतांच्या मानाचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. आपल्या भागात लिंगायत, मुस्लिम आणि इतर अनेक समाज दफन करतात. त्या जागा कुटुंबांच्या आहेत, त्यांना कोणीही हात लावू नये. मी बोलतो आहे ते परवानगीने होणाऱ्या उत्खननाबद्दल आणि रस्ता, कालवा, बांधकाम यांच्या खोदाईत आपोआप उघड्या पडणाऱ्या पांढरीबद्दल. जेसीबीच्या बकेटमध्ये हाड मुरमाबरोबर जाते तेव्हा मृताचा मान राखला जात नाही. ते थांबवून, नोंद करून, अभ्यासून, योग्य जागी ठेवण्यात तो राखला जातो.

म्हणून सुरुवात कुठून करायची, तेही सांगतो. उत्खननात छातीच्या पोकळीतली आणि मणक्यालगतची माती वेगळी काढून एक मिलिमीटरच्या चाळणीने चाळावी, आणि चाळणीवर उरलेले शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला दाखवल्याशिवाय टाकू नये. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने एक आठवडा वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनगृहात आणि वैद्यकीय विद्यार्थ्याने एक आठवडा तेरच्या खापरांत घालवावा. आणि तिसरे. आज शस्त्रक्रियेत काढलेली कडक झडप पिवळ्या पिशवीत जाते आणि जाळली जाते. कायद्याने ते योग्यच आहे. पण रुग्णाची लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता घेऊन मोठ्या शहरातल्या शल्यचिकित्सकाने आपल्या भागातल्या रुग्णाच्या झडपेवरचा चिमूटभर खडा विद्यापीठाकडे पाठवला, आणि त्यासोबत नाव न लिहिता वय, गाव, पिण्याचे पाणी आडाचे की बोअरचे, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, एवढी माहिती दिली, तर दहा वर्षांत नांदेडच्या कपाटात असा संग्रह तयार होईल ज्याच्या शेजारी पांढरीतले हाड आणि दात ठेवून तुलना करता येईल. त्यासाठी लागणारी पहिली बैठक याच शहरात, याच महिन्यात होऊ शकते. तिला इतिहासाचे प्राध्यापक, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि हृदयरोगतज्ज्ञ असे निदान तिघे तरी आले पाहिजेत.